इंग्रजी मोहरी: कोरड्या पिठापासून रोजच्या जेवणापर्यंत

भाजलेले गोमांस, हॅम, सॉसेज किंवा साधे चीज सँडविच खाताना बशीच्या कडेला थोडी झणझणीत पिवळी मोहरी घेण्याची इंग्लंडमधील सवय फार जुनी आहे. फ्रान्समध्ये दिजाँची मोहरी कच्च्या द्राक्षांच्या आंबट रसात किंवा वाइनमध्ये कालवतात; इंग्रज घरांत मात्र मोहरीचे कोरडे पीठ जेवणाआधी थंड पाण्यात कालवले जाई. दोन्हींच्या चवीतील मोठे अंतर बरेचसे या एका पद्धतीमुळे पडले.

अखंड दाण्यात हा झणका नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले, की त्यातील मायरोसिनेज हे विकर सिनिग्रिन या दाण्यातील द्रव्याचे विघटन करते आणि नाकाला झोंबणारे अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होते. उकळत्या पाण्याने विकर निकामी होते आणि आम्लाने त्याचे काम मंदावते. थंड पाण्यात मात्र दहाएक मिनिटांत झणका पुरता चढतो आणि पुढे हळूहळू ओसरतो. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या मराठी घरांना हा अनुभव चांगलाच ओळखीचा आहे.

शेक्सपिअरच्या काळात ट्यूक्सबरी गावची मोहरी प्रसिद्ध होती. तेथे कुटलेल्या मोहरीत हॉर्सरॅडिशचे तिखट मूळ मिसळून गोळे वळत, आणि त्याच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ या पात्राच्या तोंडी तिच्या दाटपणाचा उल्लेख येतो. पुढे 1720 च्या सुमारास डरहॅम येथील क्लेमंट्स नावाच्या बाईंनी गव्हाप्रमाणे मोहरी दळून, टरफले चाळून तिचे बारीक पीठ काढले, असे परंपरेने मानले जाते. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत निर्णायक पाऊल हेच होय, कारण कोरड्या पिठात झणका सुप्त राहतो आणि ते डब्यात दीर्घकाळ टिकते.

या पिठाचा मोठा व्यापार उभारला तो जेरेमाया कोलमन यांनी. 1814 मध्ये त्यांनी नॉर्विचजवळ स्टोक होली क्रॉस येथील गिरणीत काम सुरू केले. नाकात जाणारी काळी मोहरी आणि जिभेवर तिखट लागणारी पांढरी मोहरी वेगवेगळी दळून त्यांचे मिश्रण करण्यात या धंद्याचे खरे कसब होते. रंगासाठी त्यात हळद पडे. 1855 मध्ये बैलाच्या मस्तकाची खूण आली, 1866 मध्ये व्हिक्टोरिया राणीचे राजमान्यतापत्र मिळाले, आणि 1903 मध्ये 1742 पासून चालत आलेली लंडनची कीन ही पेढीही कोलमनकडे आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीतही बदल झाला. काळ्या मोहरीच्या शेंगा पिकताच फुटून दाणे गळत, त्यामुळे यंत्राने कापणी करणे अवघड जाई. तिची जागा तपकिरी मोहरीने घेतली. आज बहुतेक घरांत तयार मोहरीची बाटली असते व ती टिकावी म्हणून तिच्यात सायट्रिक आम्ल घालतात. पिवळ्या डब्यातील पीठही अजून विकले जाते, आणि जेवणाआधी दहा मिनिटे कालवून ठेवलेल्या त्या मोहरीचा ताजा झणका बाटलीतल्या मोहरीला येत नाही.