हात मरता, मगे जितो होता

आमची आते 76 वर्षांची, राहणारी वेंगुर्ल्याजवळची. पहाटे तीनच्या सुमारास ती अंथरुणात उठून बसायची आणि उजवा हात झटकत राहायची. "हात मरता, झाडलंय काय मगे जितो होता," एवढंच सांगायची. दोन वर्षं उपचार झाले ते मानेवर: गळ्यात पट्टा, शेक, मालिशचं तेल. करंगळीलाही मुंग्या येतात का, हे कुणी विचारलंच नाही.

येत नव्हत्या. खरी खूण तीच होती.

तळहात सुरू होतो तिथे हाडांची एक कमान आहे आणि तिच्यावर ताणून बसवलेला जाड पट्टा. या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणारे 9 स्नायुरज्जू जातात आणि त्यांच्या सोबतीला 1 नस, मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका यांची जाणीव तिच्याकडे. करंगळीची नस वेगळ्या वाटेने येते. बोगदा काही रुंद होत नाही, त्यामुळे आत जरा सूज आली की चेपते ती नस. झोपेत मनगट दुमडलं की दाब आणखी वाढतो, म्हणून हा त्रास रात्रीचा. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. जोर लावून तेच ते काम करणं, मधुमेह, थायरॉइड, संधिवात अशी त्याची कारणं. आतेने उमेदीची वीस वर्षं काजूच्या कारखान्यात काढली, पण तिला मधुमेहही आहे. बोल कुणाला किती लावणार?

चाळिशीतली बाई कळा येतात म्हणून डॉक्टरकडे जाते. सत्तरीनंतर बऱ्याचदा कळा कमी आणि बधिरपणा जास्त असतो. कप निसटतो, बटण लागत नाही आणि घरचे म्हणतात, "वय झाला." तोवर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत आलेला असतो. आतेचा आधी सुटला तो वळेसार, म्हणजे फुलांचा गजरा. अबोलीचं फूल केळीच्या सोपाच्या धाग्यात अडकवायचं तर नाजूक देठ दोन बोटांच्या टोकांत धरावा लागतो, आणि धरलाय हे बोटांना कळावं लागतं. पूर्वी ती गजाली मारता मारता हातभर वळेसार करायची. आता प्रत्येक फुलाकडे बघावं लागे.

"ह्या वयात कित्याक कापाकापी?" हा प्रश्न घरात आलाच. कापायचा असतो तो वरचा पट्टा. फक्त हात बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, पूर्ण भूल लागत नाही. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनाही सहसा ते झेपतं. नेदरलँड्समधल्या चाचणीचे निष्कर्ष 2002 मध्ये आले: तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात 80 टक्के लोक सुधारले होते, मनगटाला रात्री आधारपट्टी बांधणाऱ्यांत 54 टक्के. ही चाचणी खास म्हाताऱ्यांची नव्हती. पण सत्तरीपुढच्यांच्या अभ्यासांतही बहुतेकांचा त्रास कमी झालेला दिसतो. माझ्या मते वयापेक्षा उशीर अधिक नडतो.

सुधारणा मात्र एका वेगाने होत नाही. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा काही दिवसांतच थांबतात. नसेचे तंतूच मेले असतील, तर ते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतात; मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे सहा महिने तरी, म्हातारपणी त्याहून सावकाश. झिजलेला स्नायू परत भरेलच असं नाही. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: तळहाताचं बूड काही आठवडे, कधी काही महिने दुखतं. पाटावरून उठताना आपण भार नेमका तिथेच देतो.

एक आडवळणाची गोष्ट. वयस्क माणसाच्या, विशेषतः पुरुषाच्या, दोन्ही मनगटांत हा त्रास असेल, तर कधी कधी कारण अमायलॉइड नावाचं प्रथिन असतं. तेच पुढे काही वर्षांनी हृदयातही साचू शकतं. अशा वेळी हृदयाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं.

शस्त्रक्रियेनंतर आते चौथ्या रात्री सलग झोपली. बटण लागायला पाच महिने गेले. अंगठ्याचं बूड अजून सपाटच आहे आणि नारळ खवायला ती सुनेला हाक मारते. वळेसार होतो, पण बघून. डाव्या हाताचं मी विचारलं, तर म्हणाली, "गणपती होऊंदेत, मगे बघूया."