पानं गळायच्या आधीचा बर्फ

2011 च्या जानेवारीत, 26 आणि 27 तारखेला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 48 सेंटिमीटर बर्फ पडला. शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, रस्त्याकडेच्या गाड्या बुजून गेल्या. पार्कातली झाडं मात्र बहुतेक जशीच्या तशी उभी होती. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरच्या शनिवारी त्याच पार्कात जेमतेम 7.4 सेंटिमीटर बर्फ पडला. थराची जाडी चार बोटं. तरी पार्कातल्या सुमारे हजार झाडांना त्याचा फटका बसला असावा, असा अंदाज तिथली देखभाल करणाऱ्या संस्थेने तेव्हा दिला. न्यूजर्सी, कनेक्टिकट आणि आसपासच्या राज्यांत मिळून 30 लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली. कनेक्टिकटमध्ये काहींची वीज परत यायला दहा-अकरा दिवस लागले. न्यूजर्सीतल्या मराठी घरांत आदल्याच दिवशी भाऊबीज झाली होती.

जानेवारीच्या मानाने बर्फ सहापटीहून कमी आणि झाडांची पडझड कितीतरी जास्त. या उलट्या हिशेबाचं उत्तर थंडीत शोधून सापडत नाही, ते झाडाच्या पानांत आहे.

आधी तो पडला कसा, ते पाहू. सेंट्रल पार्कमधल्या नोंदी 1869 पासूनच्या आहेत. त्यात ऑक्टोबरमध्ये एक इंच बर्फ त्याआधी कधीच जमला नव्हता. जुना विक्रम 1925 चा, तो 0.8 इंचाचा, म्हणजे दोन सेंटिमीटरचा. कारण साधं आहे. ऑक्टोबरअखेर अटलांटिकचं पाणी अजून उबदार असतं, आणि किनाऱ्यावरच्या शहरात समुद्रावरून येणारा वारा हवा गोठणबिंदूच्या बरीच वर ठेवतो. वर ढगात हिमकण तयार होतात, पण खाली येता येता वितळून त्यांचा पाऊस होतो. त्या दिवशीही सुरुवात पावसानेच झाली होती.

मग पावसाचा बर्फ झाला कसा? हिमकण वितळायला उष्णता लागते आणि ती ते भोवतालच्या हवेतूनच ओढून घेतात. 1 किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. जमिनीलगतचा 300 मीटर जाडीचा हवेचा थर घेतला, तर एका चौरस मीटरवर साधारण 375 किलो हवा उभी असते. 1 मिलिमीटर पाण्याइतका बर्फ त्या थरात वितळला, की थराचं तापमान जवळपास 0.9 अंश सेल्सिअसने उतरतं. रिमझिम असेल तर इकडून-तिकडून येणारा वारा ही तूट भरून काढतो. पण तासाला 3 मिलिमीटर दराने पडू लागलं, तर थर तासाभरात अडीच-तीन अंशांनी गार होऊ शकतो आणि शून्याला येऊन टेकतो. शून्यावर आलेल्या हवेत वितळायला उष्णताच उरत नाही, म्हणून पुढचे कण जमिनीपर्यंत तसेच पोचतात. उत्तरेकडून कॅनडाची थंड हवा आली होती, किनाऱ्याजवळ खोल कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, आणि उबदार समुद्राने भरपूर बाष्प पुरवलं होतं. जोरदार पावसाने स्वतःच स्वतःचं बर्फात रूपांतर करून घेतलं. हवामान अंदाज सांगणाऱ्यांची कसोटी इथेच लागते. तापमान अर्ध्या अंशाने चुकलं, तर ‘ओला शनिवार’ आणि ‘पडलेली झाडं’ यांतला फरक चुकतो.

असा काठावरचा बर्फ ओला असतो. मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्याला आणि आकाशातून पडणाऱ्या पिसांनाही बर्फच म्हणतो, त्यामुळे त्याच्या जाती मनात येत नाहीत. उणे दहा अंशांत पडणारा बर्फ पिठासारखा भुरभुरीत असतो. त्याचा 15 सेंटिमीटरचा थर वितळवला, तर साधारण 1 सेंटिमीटर पाणी निघतं. शून्याच्या आसपासचा बर्फ दाट असतो, त्याच्या 5 ते 8 सेंटिमीटरमध्येच तेवढं पाणी असतं. शिवाय कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणाला कण आणि कणाला पान चिकटवतो. भुरभुरीत बर्फाचा गोळा वळला जात नाही, ओल्याचा सहज वळतो.

बर्फ पडणाऱ्या गावात राहणाऱ्यांनी हे घरी मोजून पाहावं. उभ्या बाजूंचा, तोंडाशी न निमुळतणारा स्टीलचा डबा घ्या. तो न हललेल्या थरात उपडा, सरळ खाली दाबा आणि खालून पत्रा सरकवून डबा भरून उचला. आधी पट्टीने थराची उंची मोजून ठेवा. घरात आणून वितळू द्या, चुलीवर ठेवू नका, वाफ गेली की माप चुकतं. 12 सेंटिमीटर थराचं 2 सेंटिमीटर पाणी झालं, तर प्रमाण सहास एक. 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 10 किलो, हे लक्षात ठेवलं की छपराचा, मांडवाचा, झाडाचा सगळा हिशेब तोंडी होतो.

आता झाड. आरपार दहा मीटर पसरलेला पर्णसंभार वरून पाहिला तर सुमारे 78 चौरस मीटर जागा व्यापतो. त्यावर 17 मिलिमीटर पाण्याइतका ओला बर्फ पडला, तर एकूण वजन भरतं सुमारे 1300 किलो. पानं असली म्हणून जास्त बर्फ पडत नाही. फरक पडतो तो किती अडकतो यात. जानेवारीतल्या निष्पर्ण झाडावर काही टक्के टेकतो, बाकीचा फांद्यांमधून खाली जातो. पानं भरलेली असतील तर प्रत्येक पान ताटलीचं काम करतं. निम्मा जरी अडकला, तरी साडेसहाशे किलो, आणि तोही बुंध्याजवळ नाही, फांद्यांच्या शेंड्यांकडे, जिथे पानं दाट असतात. तरफेचा नियम इथे झाडाच्या विरुद्ध जातो. फांदीच्या बुडाशी येणारा ताण म्हणजे वजन गुणिले अंतर. उलट फांदीची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्यास निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते.

पानं तोवर गळाली का नव्हती? झाड पान टाकतं ते दिवस लहान होत जाण्यावर आणि गारव्यावर. देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो. पानातून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक कमी होतं, इथिलीनचा प्रभाव वाढतो, थरातल्या पेशींच्या भिंती विरघळतात आणि वारा आला की पान सुटतं. हे वेळापत्रक जातीनुसार वेगळं असतं. शहरांनी रस्त्याकडेला लावलेली नॉर्वे मेपल आणि कॅलरी पेअर ही झाडं पानं उशिरापर्यंत धरून ठेवतात. कॅलरी पेअरला आणखी एक खोड आहे. त्याच्या फांद्या अरुंद ‘व्ही’ आकारात वर जातात आणि बेचक्यात दोन्ही बाजूंची साल आत दाबली जाते. तिथे लाकूड लाकडाला जोडलेलंच नसतं. वजन आलं की झाड तिथूनच उभं फाटतं. बारीक पर्णिकांचं, लवकर झडणारं हनीलोकस्ट त्या मानाने सुटतं. त्यातून ऑगस्टअखेर आयरीन वादळाने जमीन भिजवून, मुळं हलवून ठेवली होती.

आपल्याकडे वळवाच्या वादळात गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष असेच मोडतात. तिथे ओझं वाऱ्याचं असतं, पण त्याला धरायला पृष्ठभाग देतात ती पानंच. पावसाळ्याआधी मुंबईत फांद्या छाटतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

मॅनहॅटनला त्या दिवशी अंधाराचा त्रास फारसा झाला नाही, कारण तिथल्या तारा जमिनीखाली आहेत. त्याचं श्रेय 1888 च्या मार्चमधल्या हिमवादळाला जातं. त्या वादळात खांबांवरच्या तारांचं जाळं कोसळलं आणि तारा पुरण्याच्या कामाला जोर आला. उपनगरांत तारा अजून खांबांवरच आहेत. त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी बर्फाचं वजन नव्हे, झाडं पडली. तारांखालची पट्टी मोकळी ठेवलेली असते, पण वीस-पंचवीस मीटर उंचीचं निरोगी झाड पट्टीबाहेरून आडवं झालं तरी तारेपर्यंत पोचतं.

रस्त्यांचं मात्र फार बिघडत नाही. डांबरात साठलेली ऊब बराच बर्फ वितळवते, आणि मीठ शून्याजवळ उत्तम काम करतं, उणे नऊच्या खाली गेल्यावरच ते निरुपयोगी होऊ लागतं. अडचण दुसरीच. न्यूयॉर्कमध्ये कचऱ्याच्या गाड्यांनाच पुढे बर्फ लोटायचं पातं बसवतात. ऑक्टोबरमध्ये त्या गाड्या कचरा उचलत असतात. गटारांच्या जाळ्याही गळलेल्या पानांनी बुजलेल्या असतात, त्यामुळे वितळलेलं पाणी चौकात साचतं.

अंगणातलं झाड वाचवायचं, तर वेळ बर्फ पडत असतानाची. लांब दांड्याचा मऊ झाडू घ्या आणि फांदी खालून वर हलकेच उचला. वरून झोडपू नका, कारण आधीच ताणलेली फांदी खाली दाबली की तिथेच मोडते. सुरुवात खालच्या फांद्यांपासून करा. वरच्या आधी झाडल्या, तर त्यांचं ओझं भरलेल्या खालच्या फांद्यांवर पडतं. बर्फ गोठून कडक झाला असेल तर हात लावू नका, वाकलेली फांदी तशीच राहू द्या, वितळल्यावर बऱ्याचशा परत वर येतात. मोठ्या झाडाखाली उभं राहायचं नाही. तार पडली असेल, तर निदान दहा मीटर लांब. तिच्यात वीज आहे की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

मोडलेली फांदी कापायची ती तीन कापांत. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-चार सेंटिमीटर पुढे, वरून, आरपार. आता वजन गेलं. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. कडं कापलं, तर जखम भरत नाही. पहिला काप वगळला, तर पडणारी फांदी खोडाची साल पट्टीसारखी सोलत नेते. जखमेला रंग किंवा डांबर फासू नये, त्याखाली ओल राहते आणि कूज धरते.

वीज गेल्यावर फ्रीज उघडला नाही तर त्यातलं अन्न चार तास टिकतं. भरलेला फ्रीझर 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. जनरेटर घरापासून किमान सहा मीटरवर, खिडक्यांकडे धूर येणार नाही असा ठेवावा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं धोक्याचं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

न्यूयॉर्कच्या आधी बफेलो शहराने हे अनुभवलं होतं. 2006 च्या 12 आणि 13 ऑक्टोबरला तिथे 57 सेंटिमीटर ओला बर्फ पडला. बाष्प समुद्राचं नव्हतं, उबदार ईरी सरोवराचं होतं. झाडं हिरवीगार होती. पुढची काही वर्षं नागरिकांनी मोहीम काढून हजारो रोपं लावली.

2011 च्या ऑक्टोबरातला बर्फ पाहून कडक हिवाळा येणार असं वाटणं साहजिक होतं. सेंट्रल पार्कमध्ये एरवी मोसमात 75 सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडतो. त्या मोसमाची बेरीज भरली 18.8 सेंटिमीटर, आणि त्यातला 7.4 सेंटिमीटर दिवाळीच्याच आठवड्यातला होता.