७.६५ : एका आकड्याची दोन काडतुसे

डिचोलीच्या आमच्या घरी आजोबांच्या कागदपत्रांत पोर्तुगीज अमदानीतील शस्त्र परवान्याची एक पुस्तिका आहे. तिच्यात पिस्तुलाच्या रकान्यात शाईने '७,६५' असे, म्हणजे नळीच्या व्यासाचे मिलिमीटर, लिहिले आहे. दशांश टिंबाच्या जागी पोर्तुगीज पद्धतीचा स्वल्पविराम आहे आणि पुढचा शब्द वाळवीने खाल्ला आहे. पिस्तूल केव्हाच घराबाहेर गेले. कापडात गुंडाळलेली काडतुसाची पुंगळी, म्हणजे गोळी उडून गेल्यावर उरलेले पितळेचे रिकामे कवच, तेवढी मागे राहिली. खाल्लेला शब्द कोणता, हा प्रश्न केवळ घरगुती कुतूहलाचा नाही. परवाना हातात घेऊन अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी काडतूस घेणाऱ्या प्रत्येकासमोर तो आजही उभा असतो, कारण नुसत्या आकड्यावरून काडतूस ठरत नाही.

रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी रुंद कडा असते आणि तिच्या आधाराने काडतूस फिरत्या चक्रात टेकते. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या डबीत, काडतुसे एकावर एक रचली जात असल्याने तीच कडा अडथळा ठरते. १८९३ मध्ये ह्यूगो बोर्शार्ट यांनी आपल्या पिस्तुलासाठी बिनकडेचे, निमुळत्या मानेचे काडतूस वापरले. गेऑर्ग लुगर यांनी ते आखूड केले आणि साधारण २१ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचे ७.६५ पॅराबेलम तयार झाले. याच सुमारास, १८९९ मध्ये, बेल्जियममधील एफएन कारखान्याच्या पिस्तुलासाठी जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले काडतूसही ७.६५ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. मात्र त्याची पुंगळी सरळ, जेमतेम १७ मिलिमीटरची आणि बुडाशी पुसटशी कडा असलेली होती. त्याचा दाब इतका बेताचा की स्लाइडचे, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचे, वजन आणि स्प्रिंग यांवरच काम भागते. लुगर यांच्या जोरकस काडतुसाला मात्र गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळीचे मागचे तोंड कुलूपबंद ठेवणारी यंत्रणा लागते. त्यामुळे काडतूस निवडणे म्हणजे पिस्तुलाची रचनाच निवडणे होते, आणि माझ्या मते इतिहासातील हा मुद्दा सर्वांत आधी समजून घ्यायला हवा.

गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या सैन्याने ही दोन्ही काडतुसे वापरली. १९०९ च्या सुमारास त्यांनी लुगर पिस्तूल ७.६५ पॅराबेलममध्ये स्वीकारले. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून माल मिळेनासा झाल्यावर अमेरिकेची सॅव्हेज पिस्तुले घेतली, आणि ती ७.६५ ब्राउनिंगची होती. एकाच सैन्यात, एकाच आकड्याची, परस्परांत न चालणारी दोन काडतुसे आली. (काडतूस हा आपला शब्दही पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून आलेला आहे.) पुढे १९४३ मध्ये पोर्तुगालने घेतलेली लुगर पिस्तुले ९ मिलिमीटरची होती.

हे ९ मिलिमीटर काडतूस लुगर यांनीच विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या जुन्या पुंगळीची मान रुंदावून केले होते. जर्मन नौदलाने ते १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये घेतले. अमेरिकेत गोळीचा परिणाम तपासणाऱ्या १९०४ च्या थॉम्पसन-लागार्ड चाचण्यांनंतर जाड गोळीचा आग्रह धरला गेला आणि १९११ मध्ये .४५ इंचाचे पिस्तूल आले. तरी १९८५ मध्ये अमेरिकी सैन्यही ९ मिलिमीटरवरच आले.

भारतात मात्र नागरिकाची निवड कायद्याच्या चौकटीतच होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि पुढे येथेही भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा लागू झाला. सैन्याची काडतुसे नागरिकांच्या हाती जाऊ नयेत, हे धोरण इंग्रजी अमदानीपासूनचे आहे. .३०३ ची रायफल निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा व्यास, येथे इंचात), म्हणून नागरिकांसाठी .३१५, तसेच ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध, म्हणून .३२. इशापूरच्या सरकारी कारखान्यातील 'अशनी' पिस्तूल याच .३२ चे आहे, आणि हे .३२ म्हणजेच ब्राउनिंग यांचे ७.६५. युरोपात जे काडतूस मिलिमीटरने ओळखले गेले, तेच अमेरिकेत इंचाने ओळखले गेले आणि आपल्याकडे इंचाचेच नाव रुळले.

येथेही जुना घोटाळा नव्या रूपात उभा राहतो. कानपूरच्या कारखान्याचे रिव्हॉल्व्हरही 'बत्तीस बोअर'चेच म्हणवते, पण त्याचे काडतूस निराळे आहे: साधारण २३ मिलिमीटरची लांब पुंगळी आणि बुडाशी ठळक कडा. गोळीचा व्यास जवळजवळ सारखा असला तरी एकाचे काडतूस दुसऱ्यासाठी घ्यायचे नसते. परवान्यात, पावतीवर आणि बोलण्यातही 'बत्तीस' एवढ्यावर न थांबता 'पिस्तुलाचे' की 'रिव्हॉल्व्हरचे' हे स्पष्ट लिहिले-बोलले जावे, असे मला मनापासून वाटते. पिस्तुलावर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा ठसा जुळतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात मी आजोबांची ती पुंगळी चिंचेच्या पाण्याने स्वच्छ केली आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजली. तिला निमुळती मान नव्हती, बुडाशी नखाला जेमतेम जाणवणारी कडा होती आणि लांबी १७ मिलिमीटरच्या किंचित वर भरली. पुस्तिकेतील वाळवीने खाल्लेला शब्द 'ब्राउनिंग' होता.