गोचीड चावल्यावर लगेच केलेली लाईमची तपासणी

'गोचीड चावली, दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं, निगेटिव्ह आलं, म्हणजे लाईम नाही' हा समज चुकीचा आहे. लाईम हा गोचीड चावल्याने होणारा जिवाणूंचा आजार, मुख्यतः युरोप-अमेरिकेत आढळणारा. ही तपासणी अँटिबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. लाईमचा चट्टा मात्र चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत उठतो, पसरत 5 सेंटिमीटरच्या पुढे जातो, बहुधा खाजत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून रोज फोटो काढा. असा चट्टा आणि युरोप-अमेरिकेचा प्रवास, एवढ्यावर जाणकार डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात.

सोलापूरच्या शेतात, गोठ्यात वावरून ताप आला असेल तर आधी स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा तापाचा आजार) बघावा. त्याची खूण म्हणजे चाव्याच्या जागी काळी खपली; ती काखेत, जांघेत शोधा. सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत चावल्याची तारीख आणि ठिकाण आवर्जून सांगा.