बिअर ब्रेड नेमका फुगतो कशाने?

उरलेल्या बिअरच्या ब्रेडची कृती कुठेही वाचा, एक वाक्य हमखास सापडतं: 'बिअरमध्ये यीस्ट असतंच, त्यामुळे वेगळं घालावं लागत नाही.' वेगळं यीस्ट लागत नाही हे बरोबर, पण दिलेलं कारण साफ चुकीचं.

बाटलीतली किंवा कॅनमधली बहुतेक बिअर गाळलेली नाहीतर पाश्चराइझ केलेली असते. तिच्यात कामाचं यीस्ट उरत नाही. काही बिअरच्या तळाशी जिवंत यीस्टचा साका असतो, पण पीठ फुगवायला त्याला काही तास हवेत. इथे कालवलेलं पीठ लगेच ओव्हनमध्ये जातं आणि 60 अंशांच्या आसपास यीस्टचा कारभार आटोपतो. पूर्वी गोष्ट वेगळी होती. बिअर आंबताना वर येणाऱ्या फेसाने गॉल (आजचा फ्रान्स) आणि इबेरियातले (स्पेन-पोर्तुगाल) लोक पाव फुगवतात, म्हणून तो हलका होतो, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवलंय.

कृती सोपी: 3 कप मैदा, 3 चहाचे चमचे बेकिंग पावडर, चमचाभर मीठ, थोडी साखर, 330 मिली बिअर, 180 अंशांवर पाऊण तास. फुगवण्याचं काम मुख्यतः बेकिंग पावडरचं. ताज्या बिअरमध्ये लिटरला साधारण 5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे या कृतीपुरता दीड ग्रॅमहून थोडा जास्त. तीन चमचे बेकिंग पावडरही जवळपास तेवढाच वायू देते. फरक इतकाच, की बिअरमधला बराचसा वायू ओतताना आणि ढवळताना फसफसून उडून जातो.

तरीही ताज्या बिअरचा ब्रेड जास्त हलका होऊ शकतो, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. पिठात वायू तयार झाला म्हणून नवा बुडबुडा जन्मत नाही. बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताण त्याला जोराने आवळतो. आतला जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. पृष्ठताण मीटरला 0.04 न्यूटन धरला, तर 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या बुडबुड्याला 80,000 पास्कल जादा दाब हवा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 80 टक्के. 50 मायक्रॉनच्या बुडबुड्याला 1,600 पास्कल पुरतात. फुगा फुगवताना पहिली फुंकरच जड जाते, तसंच हे. त्यामुळे बेकिंग पावडरचा वायू नवे बुडबुडे घडवत बसत नाही, आधीच अडकलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. फसफसणारी बिअर असे तयार बुडबुडे पिठात सोडते, आणि बार्लीची प्रथिनं व हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडू आम्लं त्यांच्या भिंती काही काळ टिकवतात.

रात्रभर उघडी राहिलेली बिअर ही मदत करत नाही. मग बुडबुडे हवेतून मिळवायचे: मैदा चाळून घ्या, कोरडं मिश्रण व्हिस्कने हलवा, मगच बिअर ओता. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. गुठळ्या राहू देत. घोटत बसलात तर ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं, वायू निसटतो आणि ब्रेड चिवट होतो.

चवीला मात्र शिळी बिअरही चालते. तिच्यात उरलेली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात मायार अभिक्रिया होते (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी ती 1912 मध्ये मांडली) आणि कवच तांबूस, खमंग होतं. कडवटपणा मात्र उडून जात नाही, म्हणून फार कडू बिअर नको. याच ब्रेडला 'प्रोबायोटिक' (पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव असलेला) म्हणून खपवणाऱ्यांना एवढंच विचारावं, की आतून 95 अंशांपर्यंत तापलेल्या पावात जिवंत काय उरलं?

'अल्कोहोल सगळं उडतं' हाही असाच गैरसमज. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे अर्धा तास भाजल्यावर सुमारे 35 टक्के, तासाभराने 25 टक्के अल्कोहोल उरतं. 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये ते 13 ग्रॅम असतं, म्हणजे अख्ख्या ब्रेडमध्ये तीन-चार ग्रॅम राहणार. एका कापात ते नगण्यच, पण अल्कोहोल पूर्णपणे टाळणाऱ्या पाहुण्याला वाढण्याआधी सांगायला हवं.