डायलच्या कुलपापासून रीलच्या जीआरपर्यंत

हापिसात बाबू मोबाईलवर बोट फिरवून राहिला अन् समोर सातबाऱ्यासाठी आलेला माणूस उभाच, यावर दर दोन-चार वर्षांनी जीआर निघते, पेपरात छापून येते, पंधरा दिवस सगळे सरळ बसतात अन् मग पुन्हा तेच. पण हे भांडण इंटरनेटच्या लय आधीचं आहे राजेहो.

पंचायत समिती असो की सोसायटी की जिनिंगचं हापिस, फोन एकच असायचा, हेडक्लार्कच्या टेबलावर, अन् त्याच्या डायलच्या भोकात बारकं कुलूप लावलेलं. लोकं पण कमी नव्हते, रिसीव्हर जिथं ठेवतात ती खुंटी जेवढा आकडा तेवढ्या वेळा टकटक दाबली की कुलूप न काढता नंबर लागायचा, कारण डायल फिरते तेव्हा आतमध्ये तेच होते, लाईन तुटते-जुळते अन् एक्स्चेंज ते मोजते. मग बाहेरगावच्या एसटीडी कॉलला कुलपासारखा गुप्त कोड आला, खाजगी कॉलचं रजिस्टर आलं. साहेबाला तुमच्या वेळेची फिकर नव्हती, बिलाची होती, अन् ही गोष्ट ध्यानात ठेवा कारण पुढचे लय नियम याच डोक्यानं निघाले.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण ते मोठ्या शहरात. आपल्या तालुक्यात आधी कॉम्प्युटर आला, नेट लय मागून, अन् नुसत्या कॉम्प्युटरवर टाईमपास म्हणजे पत्त्याचा सॉलिटेअर. तो विंडोजमध्ये १९९० पासून होता अन् माऊसनं धरून ओढायची सवय लागावी हाही त्यामागं हेतू होता, म्हणून २००१ मध्ये एमएस-सीआयटी हे कॉम्प्युटरचं शिक्षण आलं अन् पुढं सरकारी कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं झालं तेव्हा चाळिशीतल्या कितीतरी बाबूंचा हात त्याच पत्त्यांवर बसला. तिकडं न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ब्लूमबर्ग यांनी, २००६ मध्ये स्क्रीनवर सॉलिटेअर दिसला म्हणून एका कर्मचाऱ्याला थेट घरी पाठवलं होतं. आपल्याकडं तसं झालं असतं तर अर्धी कचेरी रिकामी झाली असती.

अमेरिकेत ही गोष्ट आधीच तापली होती. झेरॉक्स कंपनीनं १९९९ मध्ये हापिसच्या नेटवर नको ते पाहिलं म्हणून ४० जणांना काढलं अन् त्याच सुमारास साईट ब्लॉक करणाऱ्या सॉफ्टवेअरचा धंदा जोरात चालला. म्हणजे पुन्हा कुलूपच. अभ्यासकही यात पडले, सिंगापूरच्या विवियन लिम यांनी २००२ मध्ये लिहिलं की माणूस मनातल्या मनात खातेवही ठेवते, म्हणजे मी एवढं जास्तीचं काम केलं, साहेबानं त्याची दखल नाही घेतली, तर थोडं नेट पाहिलं तर काय बिघडलं. मला तरी हे सगळ्यात खरं वाटते. २००९ मध्ये मेलबर्नच्या ब्रेंट कोकर यांनी तर सांगितलं की जे लोक कामाच्या वेळेच्या वीस टक्क्यांच्या आत नेट पाहतात त्यांचं काम न पाहणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ टक्के जास्त होते. हे साहेबाला सांगून पहा.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं अन् कुलपाचा विषयच संपला. त्याच वर्षी मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजत होतं, ग्रामपंचायतींना भारतनेट या सरकारी योजनेतून नेटची केबल टाकणं चालू होतं, पण खरं नेट आलं ते लोकांच्या खिशात, स्वतःच्या रिचार्जवर. हापिसच्या कॉम्प्युटरवर फेसबुक बंद केलं काय अन् चालू ठेवलं काय, बिल तर साहेब भरतच नाही. म्हणून पहिल्यांदा नियम वस्तूवरून माणसाच्या वागण्यावर गेला. जुलै २०२१ मध्ये सामान्य प्रशासन विभागानं परिपत्रक काढलं की हापिसच्या वेळेत मोबाईल कमीत कमी वापरा, शक्यतो लँडलाईन वापरा, सोशल मीडियावर वेळेचं अन् भाषेचं भान ठेवा.

अन् गंमत पहा, पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका सरकारनं दिलेले मोबाईल परत करत होत्या, काहून की फोन निकामी, मेमरी पुरत नाही, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच अंगावर अन् पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. इकडं बाबूला म्हणते मोबाईल खाली ठेव, तिकडं सेविकेला म्हणते मोबाईलशिवाय काम दाखव. रोहयोचंही तसंच, १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटोसकट, मग साईटवरच्या मेटनं, म्हणजे मजुरांच्या मुकादमानं, मेळघाटातल्या डोंगरात रेंज शोधत फिरावं. खाजगी नेट हापिसात घुसलं याची बोंब सगळे मारतात, हापिस माणसाच्या खाजगी फोनमध्ये घुसलं त्याचा हिशोब कोणीच करत नाही, रात्री दहाला ग्रुपवर माहिती मागतात तेव्हा डेटा कोणाचा जळते?

राज्य सरकारच्या जुलै २०२५ च्या जीआरनं आणखी पुढची पायरी गाठली. खाजगी अन् हापिसचं अकाउंट वेगळं ठेवा, गणवेशात किंवा सरकारी गाडीसोबत रील टाकू नका, सरकारच्या धोरणावर टीका नको, नाहीतर १९७९ च्या वर्तणूक नियमाखाली कारवाई. कंत्राटी माणसालाही तो लागू. पण त्याच जीआरमध्ये कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम चालते असंही आहे, म्हणजे फोन खाली ठेवायचा की हातात हे ज्यानं त्यानं पाहावं.

खाजगी नोकरीत तर एवढंही कागदावर नाही. रोमानियातल्या एका माणसाच्या चॅट कंपनीनं वाचल्या अन् त्याला काढलं, तर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला, नजर ठेवणार हे अन् किती ठेवणार तेही आधी सांगायला पाहिजे होतं असं म्हटलं. आपल्या सुप्रीम कोर्टानंही त्याच्या थोडंच आधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, खाजगीपणा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं होतं, पण नोकरीच्या जागी नजर ठेवण्यावर वेगळा कायदा आपल्याकडं नाही, अन् २०२३ च्या डेटा कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला माहिती संमतीशिवाय वापरायची मुभाच ठेवलेली आहे. त्यामुळं जिनिंगमध्ये काय अन् पतसंस्थेत काय, शेठनं तोंडी सांगितला तोच नियम चालते.