अणुवस्तुमानांक

अणूच्या केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येला अणुवस्तुमानांक म्हणतात. ही मोजदाद आहे, वजन नव्हे. म्हणून तो नेहमी पूर्णांकच असतो. इलेक्ट्रॉन केंद्रकाबाहेर असल्याने या गणतीत येत नाहीत. मूलद्रव्य कोणते, हे मात्र अणुअंकावरून, म्हणजे केवळ प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. सोडियमचा अणुअंक ११ आणि अणुवस्तुमानांक २३, तेव्हा न्यूट्रॉन १२.

मग क्लोरीनचे अणुवस्तुमान, म्हणजे अणुभार, ३५.५ कसे? शाळेत हा आकडा पाठ करून घेतात, पण खरी गंमत त्याच्या मागे आहे. सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत, असा तर्क विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये मांडला होता. क्लोरीन त्यात काही केल्या बसेना, आणि हा तर्क मागे पडला. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली: मूलद्रव्य एकच, अणूंचे वस्तुमान वेगवेगळे. १९१९ मध्ये फ्रान्सिस ॲस्टन यांनी केंब्रिजमध्ये विद्युतभारित अणू विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून वळवून त्यांच्या रेषा छायाचित्रण काचेवर उमटवणारे उपकरण तयार केले. क्लोरीनच्या रेषा ३५ आणि ३७ वर उमटल्या, ३५.५ च्या जागी काहीच नव्हते. निसर्गातील क्लोरीनमध्ये पहिले समस्थानिक सुमारे ७६ टक्के आणि दुसरे २४ टक्के असते. ३५.४५ ही त्या मिश्रणाची सरासरी. एवढ्या वस्तुमानाचा क्लोरीनचा अणू निसर्गात सापडत नाही. दोन्हींत प्रोटॉन १७ च, मग फरक कशाचा, याचे उत्तर जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधल्यावर मिळाले: एकात १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०.

क्लोरीन-३५ चे प्रत्यक्ष वस्तुमानही नेमके ३५ एकक नसून सुमारे ३४.९७ आहे. कण एकत्र बांधले जाताना थोडे वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. नेमका पूर्णांक फक्त कार्बन-१२ चा, कारण एककच त्याच्यावरून ठरवलेले आहे.

अणुवस्तुमानांक सारखा, पण मूलद्रव्ये वेगळी, अशा अणूंना समभारिके म्हणतात. पोटॅशियम-४० किरणोत्सारी आहे. त्यातील बहुतांश अणूंचे कॅल्शियम-४० होते, थोड्यांचे आर्गॉन-४०. प्रोटॉनांची संख्या एकाने बदलते, ४० हा आकडा तसाच राहतो. खडकात साठलेला हा आर्गॉन मोजून खडकाचे वय काढतात. सह्याद्रीतील बेसाल्टचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे वय ठरवण्यातही ही पद्धत वापरली गेली आहे.